दोष कोणत्या जीनचा?

आमचे मामा अकोल्याच्या एका जिनात बावीस हंगाम राबले. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. दिवाळी झाली की रेचे सुरू व्हायचे आणि उन्हाळा लागेपर्यंत धडधडत राहायचे. मामा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, मिशा, कानावरचे केस सगळे पांढरे झालेले असायचे. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. मामी म्हणायची, "आला पाहा म्हातारा." तेव्हा मामा पस्तिशीचे होते.

पन्नाशी गाठायच्या आतच त्यांना चार पावले चालले की धाप लागू लागली. टी.बी. समजून दोनदा औषधांचा कोर्स झाला. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. शेवटी आम्ही त्यांना एका मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टरसाहेबांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, केसपेपरवरचे आडनाव वाचले आणि विचारले, "घरात आणखी कुणाला दमा?" मामांच्या वडिलांनाही होता. "मग काय! हे तुमच्या जीनमध्येच आहे," साहेब म्हणाले. मामांनी मान डोलावली. "हो साहेब, जिनातच हाय. बावीस वर्सं झाले."

साहेब हसले. शेजारचे शिकाऊ डॉक्टर हसले. मी, त्या घरातला शिकलेला भाचा, मीसुद्धा हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. कारण त्या खोलीत बरोबर उत्तर एकट्या मामांनीच दिले होते. मामांचे वडीलही त्याच जिनात गठाणी बांधत होते, हे कुणी विचारलेच नाही. बापाकडून लेकाकडे दोन गोष्टी आल्या होत्या, रक्त आणि काम. साहेबांना त्यातले एकच दिसले.

वाचकहो, जनुक या शब्दाचा सध्या फार बोलबाला आहे. प्रत्येक रोगाचे मूळ जनुकात शोधले जाते आणि ते शोधू नये असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. आम्ही विज्ञानाच्या बाजूचे लोक आहोत. परंतु "तुमच्या रक्तातच आहे" हे वाक्य आपण हजारो वर्षे ऐकत आलो आहोत. तेव्हा पांढऱ्या कोटातून ते पुन्हा ऐकू आले तर हिशेब नीट तपासून घेण्याचा आपला हक्क आहे. फुप्फुसाच्या जुनाट आजारात जन्माचा वाटा किती आणि जगण्याचा किती? रोग झाल्यावर माणूस किती जगेल, कसा जगेल, हे कोण ठरवते?

आधी जन्माची बाजू पाहू, कारण तीही खरी आहे. १९६३ साली स्वीडनमधल्या माल्मो शहरात लॉरेल आणि एरिकसन या दोन डॉक्टरांना काही रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन जवळजवळ नसल्याचे आढळले. त्याचे नाव अल्फा-वन अँटीट्रिप्सिन. आपल्या फुप्फुसात जंतू मारण्यासाठी पांढऱ्या पेशी येतात. त्या सोडतात ती रसायने जंतूंबरोबर फुप्फुसाची नाजूक जाळीही खाऊ शकतात. हे प्रथिन त्यांना आवर घालते. ज्यांच्यात ते जन्मतः फार कमी, त्यांचे फुप्फुस तरुण वयातच पोकळ होऊ लागते. त्याचे जनुक चौदाव्या गुणसूत्रावर आहे. म्हणजे एका जनुकाने फुप्फुसाचे भवितव्य ठरते, याचा पक्का पुरावा हाती आला. पण त्याच रुग्णांत पुढे असेही दिसले की विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे फुप्फुस न ओढणाऱ्यापेक्षा कितीतरी लवकर संपते. जनुक तेच, धूर वेगळा. आणि हा दोष प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, भारतात तो अगदी क्वचित सापडतो. वऱ्हाडातल्या धापेचे खापर त्यावर फोडता येत नाही.

मग उरलेल्यांचे काय? एकाच घरात दोघे भाऊ विडी ओढतात, एकाला ऐंशीव्या वर्षापर्यंत काही होत नाही, दुसरा पन्नाशीत खाटेला खिळतो. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. यात जनुकांचा हात आहेच. २०२३ साली पाच लाखांहून जास्त लोकांच्या तपासणीतून श्वासाच्या ताकदीशी संबंध असलेली एक हजारावर ठिकाणे जनुकसंचात दाखवण्यात आली. हजारावर! म्हणजे एकेका ठिकाणाचा वाटा भाकरीच्या चुऱ्याएवढा. आणि हे लोक बहुतांश युरोपीय वंशाचे. आपल्या वस्तीतल्या माणसाच्या फुप्फुसाबद्दल त्यातून किती बोलावे, याला मर्यादा आहे. भारतातल्या दहा हजार लोकांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांना खुली झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. ज्या डॉक्टरसाहेबांनी मामांच्या आडनावावरून जनुक वाचले, त्यांनी ते कोणत्या पुस्तकात वाचले असेल?

आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फुप्फुस आतून घट्ट होत जाते, दोरखंडासारखे चिवट होते, असा एक आजार आहे. त्याला फायब्रोसिस म्हणतात. २०११ साली त्याच्याशी जोडलेला एक जनुकीय बदल सापडला. म्यूक फाइव्ह बी नावाच्या, म्हणजे श्वासनळीतला चिकट स्राव बनवणाऱ्या जनुकाजवळ तो असतो. तो बदल असेल तर हा आजार होण्याची शक्यता कितीतरी पटीने वाढते. आता गंमत पाहा. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये असे दिसले की आजार झालेल्यांपैकी ज्यांच्यात तो बदल आहे ते, ज्यांच्यात नाही त्यांच्यापेक्षा जास्त जगतात. जे जनुक रोगाला दार उघडते तेच रोग्याला थोडे जास्त आयुष्यही देते. तेव्हा "जनुक वाईट" असे एका शब्दात म्हणणारा माणूस विज्ञान बोलत नाही, ज्योतिष बोलतो. जाता जाता: भारतात असे घट्ट होणारे फुप्फुस ज्यांच्याकडे आढळले, त्यांची देशभरची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यात सर्वांत मोठा गट होता श्वासातून जाणाऱ्या बुरशी-पिसांच्या वावड्याचा, आणि त्या रुग्णांच्या घरात वारंवार सापडलेली वस्तू होती कूलर. मे महिन्यात ज्या कूलरशिवाय अकोल्यात माणूस जगू शकत नाही, तोच. त्याच्या गवताच्या जाळ्या दरवर्षी बदला, टाकीतले पाणी कुजू देऊ नका. यासाठी कोणत्याही जनुकाची परवानगी लागत नाही.

आता जिनाकडे वळू.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. रेल्वे आली, जिन-प्रेस उभे राहिले, अकोला, अमरावती, खामगाव ही नावे विलायतेच्या बाजारात गेली. गावात ज्याला जमीन नव्हती, विहीर नव्हती, तो या जिनांच्या दारात आला. रोख मजुरी मिळत होती आणि तराळकी सुटत होती. आपल्या कितीतरी घरांची पहिली शाळेची फी रेच्यावरच्या मजुरीतून भरली गेली, हेही विसरू नये. परंतु त्या मजुरीतून फुप्फुसाची किंमत कापून घेतली जात होती.

कापसाची धूळ म्हणजे नुसता कापूस नव्हे. तिच्यात पानांचा, बोंडांच्या टरफलांचा चुरा असतो, माती असते आणि त्यावर वाढणाऱ्या जीवाणूंचे विष असते. ते श्वासनळीला सुजवते. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण फार विचित्र आहे. सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती सगळ्यात जास्त आवळते, मग आठवडाभरात थोडी सैल होते. मामा म्हणायचे, "सुटीच्या दुसऱ्या दिवशी मले जास्त तरास होते." मुकादम म्हणायचा, कामचोर आहे, सुटीची चटक लागली. बिचाऱ्या मामांना वाटायचे, असेल बावा. वैद्यकाच्या पुस्तकात छापलेले लक्षण मुकादमाच्या वहीत आळस म्हणून नोंदले गेले. पुढे पुढे ही आवळ रोजचीच होते आणि मग त्या फुप्फुसात आणि विडीवाल्याच्या फुप्फुसात फरक ओळखू येत नाही. सूतगिरणीत हा आजार जास्त, पण जिनाची धूळही निर्दोष नाही.

रक्ताचा दोष की धुळीचा, हे ठरवायचे कसे? शांघायमध्ये १९८१ पासून गिरणी कामगारांचा एक अभ्यास सुरू झाला. त्यात एकीकडे कापसाच्या गिरणीतले कामगार घेतले आणि दुसरीकडे रेशमाच्या गिरणीतले. शहर एक, माणसे एक, पगार-पाणी सारखे, फक्त धूळ वेगळी. वर्षानुवर्षे मोजत गेल्यावर कापूसवाल्यांच्या श्वासाची ताकद रेशीमवाल्यांपेक्षा जास्त घटलेली दिसली, आणि धुळीत काम सोडल्यावर त्यातली काही घसरण सावरलेलीही दिसली. जनुके काही गिरणी पाहून बदलली नव्हती. अमेरिकेने १९७८ साली कापसाच्या धुळीवर कायद्याने मर्यादा घातली. गिरणीमालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९८१ मध्ये हरले.

आणि आपल्याकडे? १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या परिशिष्टात बिसिनोसिसचे नाव होते. म्हणजे डॉक्टरला तो आढळला तर सरकारला कळवणे बंधनकारक. मामांच्या केसपेपरवर वय होते, पत्ता होता, पण काम काय करतो याला रकानाच नव्हता. मग कळवणार कोण आणि काय? यापेक्षा मोठा घाव वेगळाच आहे. महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर यांचा अहवाल १९४४ साली आला तो त्यांच्याच खात्याकडे. त्या पायावर १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्या कायद्याने "हंगामी कारखाने" वगळले. आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत पहिलेच नाव कशाचे आहे ठाऊक आहे? कापूस जिनिंग. दुसरे, कापूस प्रेसिंग. म्हणजे ज्या विम्यातून फुप्फुस तपासले गेले असते, आजारपणाचा पगार मिळाला असता, त्याच्या दारावरच वऱ्हाडातल्या जिनकामगाराला अडवले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच. धूळ हंगामी असेल, पण तिने भरलेले फुप्फुस बाराही महिने धापा टाकते.

म्हणून मी म्हणतो, "जनुकात आहे" हे वाक्य नुसते वैद्यकीय नसते, ते पैशाचेही असते. ज्या आजाराचा दोष जन्मावर टाकला, त्याची भरपाई कुणी द्यायची नसते. हे हवेतले बोलणे नाही. श्वास मोजण्याचे यंत्र, ज्याला स्पायरोमीटर म्हणतात, ते लंडनच्या हचिन्सन यांनी १८४६ मध्ये जगापुढे मांडले. त्यांनी दोन हजारांवर लोक मोजले आणि त्यांची विभागणी केली ती धंद्यावरून: शिपाई, खलाशी, पोलीस, कंगाल. पुढे अमेरिकेत गुलामांचा मालक असलेल्या कार्टराइट नावाच्या डॉक्टरने हेच यंत्र हाती घेतले आणि १८५१ मध्ये लिहिले की काळ्या माणसाचे फुप्फुस जन्मतःच उणे असते, त्याला शेतात राबवणे त्याच्याच हिताचे. तेव्हापासून यंत्रात वंशाची दुरुस्ती शिरली. काळा माणूस असेल तर अपेक्षाच कमी धरायची. १९९९ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ॲस्बेस्टॉसची एक कंपनी कोर्टात म्हणाली, काळ्या कामगारांना भरपाई देताना त्यांच्या फुप्फुसाचे माप वेगळे धरा! जन्म वजा करून उरेल तेवढेच नुकसान. अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या संघटनेने ही वंशाची दुरुस्ती काढून सर्वांसाठी एकच माप वापरावे असे सांगितले ते २०२३ मध्ये. सगळा गुंता त्याने सुटला असे नाही. एकच माप सर्वांना लावले तर काही धडधाकट माणसेही आजारी ठरू शकतात, ही शंका खोटी नाही. परंतु लहानपणीची उपासमार, चुलीचा धूर, कुपोषित आईच्या पोटातले नऊ महिने यांमुळे लहान राहिलेल्या फुप्फुसाला "तुमच्या लोकांचे नॉर्मल" म्हणणे ही दुरुस्ती नव्हे, ती माफी आहे, आणि ती ज्याने मागायची त्यालाच दिलेली.

बाबासाहेबांनी हा मुद्दा फार आधी ओळखला होता. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये, १९३६ साली, रक्तशुद्धी आणि वंशशास्त्राच्या आधारे जातीचे समर्थन करणाऱ्यांची त्यांनी चिरफाड केली. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी नाकांच्या मापांचे तक्ते घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. विरोधकाच्याच मोजपट्टीने त्यांनी विरोधकाला मोजले. तीच रीत आपण घ्यायची आहे. जनुकशास्त्रावर रागावून उपयोग नाही. ते शिकून घेतले पाहिजे.

आणि शिकून घेतले की एक गोष्ट आपल्यालाही टोचते. ती टाळून हा लेख लिहिला तर तो लबाडी ठरेल.

आपल्या समाजात एक जनुकीय आजार खरोखर आहे. सिकलसेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. १९५८ साली त्याच नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा निबंध लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तेव्हापासून विदर्भात जेव्हा जेव्हा तपासणी झाली तेव्हा तेव्हा बौद्धांत, मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासींत आणि इतर काही मागास जातींतही वाहक सापडले. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा बदललेला असतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसे ‘एएस पॅटर्न’ असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल ‘एसएस’ होईल. हा दोष आपल्यात का टिकला? हिवतापामुळे. वाहकाला घातक हिवतापापासून संरक्षण मिळते हे १९५४ मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले. तराईत, जंगलाच्या कडेला, डासांच्या मुलखात ज्यांना राहावे लागले त्यांच्यात हे जनुक तगले. यात विटाळ नाही, पाप नाही.

सिकलसेल म्हटले की लोकांना हाडांचे दुखणे आठवते. पण मोठ्या वयाच्या रुग्णाचा जीव अनेकदा फुप्फुसात जातो. छातीत कळ, ताप, धाप असा झटका येतो, त्याला ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. न्यूमोनिया समजून घरी बसाल तर काही तासांत हाताबाहेर जातो. असे झटके वारंवार आले की फुप्फुसात कायमचे व्रण राहतात, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, हृदय थकते. १९१० साली शिकागोत ज्या तरुणावरून हा आजार जगाला प्रथम कळला, तो वॉल्टर नोएल दंतवैद्य होऊन आपल्या ग्रेनाडा बेटावर परतला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियानेच गेला.

इथेही जनुकावर जनुक आहे. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, जन्मानंतर ते कमी होते. काहींच्यात ते मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते आणि पेशींना वाकू देत नाही. भारतातल्या सिकलसेलमध्ये ते जास्त टिकते, म्हणून आपला आजार सौम्य, असे पुस्तकात वर्षानुवर्षे लिहिले गेले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलेली कितीतरी मुले मात्र सौम्य आजाराची नव्हती. पुन्हा तेच, सरासरी वाचून समोरचा माणूस दिसत नाही. आता हे गर्भातले हिमोग्लोबिन वाढवता येते. हायड्रॉक्सीयुरिया नावाची साधी गोळी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तिने दुखण्याचे झटके आणि छातीचे झटकेही जवळपास निम्म्यावर आणले. २०२३ च्या अखेरीस जनुकातच फेरबदल करणारा उपचार इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. तो आपल्या वस्तीत केव्हा येईल ते येवो, गोळी आज आहे. न्यूमोकोकसची लस आज आहे. चूल आणि विडीचा धूर या मुलांपासून दूर ठेवणे आजच्या आज शक्य आहे.

केंद्राने १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर केली, भर मुख्यतः आदिवासी भागावर. आदिवासी बांधवांना ते मिळालेच पाहिजे. पण विदर्भातल्या बौद्ध वस्त्याही त्याच मोजणीत आल्या पाहिजेत ही मागणी आपल्या पुढाऱ्यांच्या निवेदनात का दिसत नाही? कारण आपणच हा आजार लपवतो. माझ्या पुतणीच्या सोयरिकीत मी मुलाच्या वडिलांना म्हटले, दोघांची सिकलसेल तपासणी करून घेऊ. गृहस्थ भीमजयंतीला भाषणे करणारे. ते ताडकन उठले, "आमच्या रक्तात दोष काढता काय?" बोलणी तिथेच मोडली. रक्ताच्या शुद्धतेचा हा अभिमान आपण नेमका कुणाकडून उचलला? १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले होते की जातीचा प्राण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. २०१३ साली जनुकशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की या देशातले समूह सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी एकमेकांत मोकळेपणी मिसळत होते, मग ते मिसळणे आटले. रिंगण जितके लहान, तितके तेच जनुक समोरासमोर येण्याची शक्यता जास्त. पुतणीचे पुढे दुसरीकडे जमले, तपासणी करून. ती ‘एएस’ निघाली, जावई ‘एए’.

मामांकडे परत येतो. त्यांचा आजार कळेपर्यंत उशीर झाला होता, पण सगळे संपले नव्हते. लंडनच्या फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ मध्ये दाखवले की धूर सोडला की गेलेला श्वास परत येत नाही, मात्र पुढची गळती जवळपास सामान्य माणसाइतकी होते. हे कोणत्याही वयात लागू आहे. मामांनी विडी सोडली. पंप मात्र घेईनात, "त्याची सवय लागते" म्हणून. वाचकहो, पंपाची सवय लागत नाही, त्याच्या औषधाची मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी असते. हे मला त्यांना पटवता आले नाही. रक्तातला प्राणवायू कायम कमी असलेल्या रुग्णाने दिवसातून पंधरा तास ऑक्सिजन घेतला तर आयुष्य वाढते हे १९८१ पासून जगाला माहीत आहे. आमच्या घरी ते यंत्र भाड्याने आले ते शेवटच्या चार महिन्यांत. मामा २०११ च्या हिवाळ्यात गेले. तेव्हा जिनाचा हंगाम भरात होता.

भारतात २०१६ मध्ये या आजाराचे साडेपाच कोटी रुग्ण होते असा अंदाज २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात आहे. त्या अभ्यासाने आजाराच्या ओझ्यातला निम्म्याहून जास्त वाटा दूषित हवेला दिला, घरातली चूल त्यातच आली. तंबाखूचा वाटा सुमारे चौथाई. चूल म्हटले की मामी आठवते. तिने आयुष्यात विडीला हात लावला नाही. पण चाळीस वर्षे पऱ्हाटी आणि तुराट्या जाळून स्वयंपाक केला. गॅस आला तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पेटतेच. तिलाही आता धाप लागते.

मागच्या महिन्यात तिला फुंकायच्या तपासणीला नेले. मुलाने यंत्रात वय टाकले, उंची टाकली, मग पडद्यावर वंशाचा प्रश्न आला, तोही त्याने भरला. कामाचा रकाना इथेही नव्हता. मी केसपेपरच्या कोपऱ्यात पेनाने लिहून दिले: चूल, पऱ्हाटी, चाळीस वर्षे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ते वाचले, मामीकडे पाहिले आणि विचारले, "आजी, जिनातपण कामाला होता का?"

"व्हती ना बाई," मामी म्हणाली, "रेच्यावर कापूस टाकाले. बारा वर्सं. हे कोनं इचारलंच नाही कधी."

बाईंनी ते लिहून घेतले.